पानभर ओळख

तुमच्या घरी सध्या कुणी नोकरी शोधतंय का? ताई नुकतीच पदवीधर झाली असेल, कारखाना बंद पडल्यामुळे बाबा दुसरं काम बघत असतील, नाहीतर तुम्ही मोठे झालात म्हणून आईला पुन्हा नोकरी करावीशी वाटत असेल. अशा घरात एक कागद हमखास दिसतो : बायोडाटा! तो समोर आला, की भली भली माणसं पेन चावत बसतात. स्वतःबद्दल लिहायचं तरी काय?

दोस्तांनो, हे कोडं दोन नामवंतांनाही पडलं होतं. त्यांनी ते कसं सोडवलं, बघूया.

चित्रकाराचं पत्र

लिओनार्दो दा विंची ठाऊक आहे ना? 'मोनालिसा'वाला! १४८२ च्या सुमारास, तिशीत असताना, त्याला इटलीतल्या मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम हवं होतं. त्यासाठी तयार केलेल्या पत्राचा मसुदा आजही मिलानच्या अँब्रोझियाना ग्रंथालयात आहे.

चित्रकारानं आधी चित्रांबद्दलच लिहिलं असेल, असं वाटतं की नाही? छे! सुरुवातीला आहेत उचलून नेता येणारे हलके पूल, खंदकातलं पाणी काढण्याची युक्ती, तोफा आणि भुयारं. चित्रकला येते अगदी शेवटी. कारण उघड आहे. लुदोविकोला तेव्हा लढाईची काळजी होती. लिओनार्दोनं 'मला काय आवडतं' यापेक्षा 'तुम्हाला काय हवंय' हे आधी लिहिलं. वर असंही म्हटलं, की यातलं काही अशक्य वाटत असेल, तर मी करून दाखवायला तयार आहे. पुढे तो अनेक वर्षं मिलानमध्ये राहिला आणि 'शेवटचं भोजन' हे त्याचं प्रसिद्ध भित्तिचित्र तिथेच काढलं.

वाटाण्याचं रोप

आता आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे वळू. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. मग फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगही केले. भागीदारांशी न पटल्यानं छापखाना सुटला, तेव्हा वय चाळिशीचं. शेजारीपाजारी म्हणाले असतील, 'यांचं एका कामात मन रमत नाही!'

पण चित्रपट काढायचं ठरलं आणि गंमत झाली. फोटोग्राफी कॅमेऱ्याला उपयोगी पडली, चित्रकला नेपथ्याला, जादू पडद्यावरच्या चमत्कारांना! जुनं काहीच वाया गेलं नाही.

तरी पैसे कोण देणार? फाळक्यांनी नुसत्या बाता मारल्या नाहीत. कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर झरझर दिसली. ती बघून कर्ज मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

मग आपण काय करायचं?

१. विशेषणं कमी, कामं जास्त. 'मी कष्टाळू आहे' असं कुणीही लिहील. 'तीन वर्षं शाळेच्या वाचनालयात पुस्तकांची नोंद ठेवली' हे मात्र पटतं. किती, कुठे, केव्हा हे जरूर लिहा.

२. प्रत्येक जागेसाठी थोडा बदल करा. जाहिरात दोनदा वाचा. त्यांना जे हवं आहे आणि आपल्याला जे खरोखर येतं, ते वर घ्या.

३. काम बदलताना दोन रकाने आखा. डावीकडे जुनं काम, उजवीकडे त्यातून आलेलं कौशल्य. आई बचत गटाचा हिशेब ठेवते? मग तिला रोख रक्कम सांभाळणं, नोंदी ठेवणं आणि दहा जणींना एकत्र आणणं येतं. 'मी घरीच असते' एवढंच का लिहायचं?

४. खोटं लिहू नका. मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं. मध्ये दोन वर्षं काम नसेल, तर कारण सरळ एका ओळीत सांगावं. त्यात लाज कसली?

५. नवख्यानं एक पान पुरे धरावं. फोन नंबर तपासावा, शुद्धलेखन दुसऱ्याकडून वाचून घ्यावं. बँक खात्याचा किंवा आधारचा क्रमांक लिहू नये. आणि 'आधी पैसे भरा, मग नोकरी' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं!

हे करून पाहा

येत्या रविवारी स्वतःचा बायोडाटा लिहा. नाव, इयत्ता, येणाऱ्या भाषा आणि केलेली पाच कामं. स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवला, धाकट्या भावाला पाढे शिकवले, सायकलचं पंक्चर काढलं, सगळं चालेल, बरं का! फक्त प्रत्येक कामापुढे पुरावा हवा.

मग घरात नोकरी शोधणाऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, 'बाबा, तुम्ही कारखान्यात नेमकं काय काय करत होता?' ते सांगतील तसं लिहून घ्या. नोकरी गेली, की माणसाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. तुमची यादी पान उलटून पुढे गेली, की त्यांचं त्यांनाच कळेल, आपल्याला केवढं तरी येतं!