रोटरी फाउंडेशन : सेवेचा पैसा चालतो कसा?

तालुक्याच्या गावात शिरताना रस्त्याच्या कडेला दातेरी चाकाचे चित्र असलेली पाटी आपण सर्वांनीच पाहिली आहे. रोटरी क्लबचे ते चिन्ह होय. रक्तदान शिबिर, चष्मेवाटप, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार अशा बातम्यांतूनही हे नाव आपल्या कानांवर पडत असते. परंतु या क्लबांच्या पाठीशी एक स्वतंत्र विश्वस्त संस्था आहे. तिचा पैसा कोठून येतो, किती काळ थांबतो आणि कोणत्या अटींवर बाहेर पडतो, याची माहिती फार थोड्यांना असते. क्लबच्या काही सभासदांनाही ती नसते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. सामाजिक काम करणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या संस्थेपुढे पैशाचा प्रश्न उभा असतोच. यास्तव हा विषय स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः विद्यार्थ्यांपुढे, मांडावासा वाटला.

रोटरीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने केली. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमावे, एवढाच त्या वेळचा बेत होता. फाउंडेशनची कल्पना बारा वर्षांनंतरची. क्लीव्हलँडचे लाकूड व्यापारी आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली अटलांटा येथील अधिवेशनात, जगात काही चांगले काम करता यावे यासाठी एक कायम निधी असावा, अशी सूचना मांडली. सूचना सर्वांना पसंत पडली, पैसा मात्र कोणी दिला नाही. पुढील वर्षी कॅन्सस सिटी येथील क्लबने अधिवेशनाच्या खर्चातून उरलेले साडेसव्वीस डॉलर पाठवले. फाउंडेशनच्या वहीतील ही पहिली जमा. दहा वर्षांनी, १९२८ साली, निधीला ‘रोटरी फाउंडेशन’ हे नाव मिळाले आणि पाच विश्वस्त नेमले गेले, तेव्हा शिल्लक पाच हजार डॉलरच्या थोडी वर गेली होती. आजच्या आकड्यांनी दिपून जाणाऱ्यांनी ही पहिली दहा वर्षे ध्यानात ठेवावीत.

पहिली मदत १९३० साली दिली गेली. ती ५०० डॉलरची होती आणि अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मिळाली. ती संस्था एडगर अॅलन नावाच्या रोटरी सभासदाने उभी केली होती. त्यांचा मुलगा ट्रामच्या अपघातात गेला होता आणि जवळपास इस्पितळाची नीट सोय नव्हती. त्या दुःखातून हे काम उभे राहिले. मदतीचे पहिलेच पाऊल अपंग मुलांकडे वळले होते, हे पुढील इतिहास पाहता लक्षणीय वाटते.

निधीला खरा जोर आला तो १९४७ साली पॉल हॅरिस वारले तेव्हा. फुले वाहण्याऐवजी फाउंडेशनला देणगी द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. दीड वर्षात दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. त्यातून १८ विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. पुढे हा उपक्रम वाढत गेला. १९९१ ते २००० या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त असलेल्या जपानच्या सादाको ओगाता तरुणपणी याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकल्या होत्या. आज शांतता अभ्यासासाठीही फाउंडेशन पाठ्यवृत्त्या देते. अशा पाठ्यवृत्तीसाठी क्लबचा सभासद असण्याची गरज नाही, हे आपल्या पदवीधर मुलामुलींनी लक्षात घ्यावे.

आता पैशाच्या चलनवलनाकडे येऊ. बँकेच्या काउंटरवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाला हाच भाग अधिक जवळचा वाटतो. सभासद आणि क्लब वार्षिक निधीला जी रक्कम देतात ती त्याच वर्षी खर्च होत नाही. ती तीन वर्षे गुंतवून ठेवली जाते. तीन वर्षांनंतर, प्रशासनाचा थोडासा भाग वजा जाता, तिचे जवळजवळ समान असे दोन हिस्से होतात. एक हिस्सा ज्या डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे क्लबांच्या ज्या प्रांतातून, पैसा आला त्या डिस्ट्रिक्टच्या हाती परत येतो. दुसरा हिस्सा जागतिक निधीत जातो. आपल्या भागातील क्लबांनी आज दिलेल्या पैशावर तीन वर्षांनंतरच्या पदाधिकाऱ्यांचा अधिकार चालणार, असा याचा अर्थ. रोटरीत पदे दर वर्षी १ जुलैला बदलतात. त्यामुळे पैसा जमवणारा एक आणि खर्च ठरवणारा दुसरा, अशी व्यवस्था आपोआपच होते. माझ्या मते या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच आहे. अध्यक्षाने आपल्याच वर्षात वर्गणी गोळा करावी आणि आपल्याच नावाची कोनशिला बसवावी, ही खोड आपल्याकडे सर्वच संस्थांना आहे. तिला येथे थोडा लगाम बसतो. याखेरीज एक कायम ठेव निधी आहे. त्यातील मुद्दल मोडत नाहीत, केवळ उत्पन्न खर्च करतात.

डिस्ट्रिक्टच्या हाती आलेल्या पैशातून लहान स्थानिक कामे होतात. मोठ्या कामांसाठी ‘ग्लोबल ग्रँट’ असते. त्या कामाचे अंदाजपत्रक किमान ३० हजार डॉलरचे असावे लागते आणि दोन वेगळ्या देशांतील क्लब भागीदार असावे लागतात. एक भागीदार काम होणार त्या जागेचा, दुसरा परदेशचा. डिस्ट्रिक्टने घातलेल्या रकमेत जागतिक निधीतून भर पडते. काम ठरवून दिलेल्या सात क्षेत्रांपैकी एकात बसणारे हवे : शांतता, रोगप्रतिबंध, पाणी व स्वच्छता, माता-बालक आरोग्य, मूलभूत शिक्षण, आर्थिक विकास आणि अलीकडे जोडलेले पर्यावरण. सर्वांत कडक अट मात्र निराळीच आहे. पैसा संपल्यानंतर काम कोण चालवणार, हे आधी लिहून द्यावे लागते. माझ्या माहितीतील एका शाळेत एका देणगीदार मंडळाने पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले. समारंभ झाला, फोटो छापून आला. दोन वर्षांनी फिल्टर बदलण्यास पैसे कोणी द्यायचे हे ठरलेले नव्हते, म्हणून ते यंत्र आज चप्पल ठेवण्याच्या कामी येते. ही अट असती तर यंत्राइतकाच विचार फिल्टरचाही झाला असता.

पोलिओ निर्मूलनाचे काम हे फाउंडेशनचे सर्वांत मोठे काम होय आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

२९ सप्टेंबर १९७९ रोजी फिलिपाइन्समधील मकाती येथे बालकांना पोलिओचे डोस पाजून एका मोहिमेला आरंभ झाला. सुमारे ६० लाख मुलांना डोस द्यावयाचे होते आणि फाउंडेशनने त्यासाठी ७ लाख ६० हजार डॉलर मंजूर केले होते. त्या अनुभवावरून १९८५ साली ‘पोलिओ प्लस’ ही जगभरची योजना जाहीर झाली. १२ कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट होते. १९८८ पर्यंत २४ कोटींहून अधिक जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओचे जगातून उच्चाटन करण्याचा ठराव केला. त्या वेळी १२५ देशांत दर वर्षी अंदाजे साडेतीन लाख मुले या रोगाने पांगळी होत होती.

एका सेवाभावी क्लबला एवढे मोठे काम झेपले कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे एक कारण लसीतच आहे. डॉ. अल्बर्ट सेबिन यांची लस तोंडाने द्यावयाची, सुई लागत नाही. थोडे शिकवल्यावर दुकानदार, शिक्षक, कॉलेजचा विद्यार्थी कोणीही दोन थेंब पाजू शकतो. दुसरे कारण रोगाचे. हा विषाणू माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात ठाण मांडून राहत नाही. म्हणून माणसांत त्याची साखळी तोडली की तो नाहीसा होऊ शकतो. अडचण एवढीच की लागण झालेल्या सुमारे २०० मुलांपैकी एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीची निरोगी दिसत राहतात आणि रोग पसरवीत राहतात. त्यामुळे वस्तीत एकही रुग्ण दिसत नसताना प्रत्येक घरातील प्रत्येक बालकाला पुन्हापुन्हा डोस द्यावे लागतात. ‘आमच्या मुलाला मागच्या महिन्यात दिला होता, आता पुन्हा कशाला?’ हा आयांचा प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही येथे आहेत.

भारतात देशव्यापी पल्स पोलिओची पहिली फेरी ९ डिसेंबर १९९५ रोजी झाली. शाळेतील बूथ, बर्फ घातलेली निळी पेटी, डाव्या करंगळीवरील शाईची खूण हे सर्व आपल्या परिचयाचे आहे. मोहीम ऐन भरात असताना एका फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना डोस दिले जात आणि सुमारे २३ लाख माणसे राबत. रेल्वे स्थानके, एस.टी. स्टँड, वीटभट्ट्या, ऊसतोड मजुरांच्या झोपड्या येथेही पथके जात. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये लढा सर्वांत कठीण झाला. काही ठिकाणी लसीबद्दल अफवा उठल्या. तेव्हा रोटरीच्या कार्यकर्त्यांनी त्या त्या वस्तीतील उलेमांना बरोबर घेतले आणि त्यांच्या तोंडून लोकांना समजावले. बाहेरच्या माणसाने भाषण करून जे झाले नाही, ते आपल्या माणसाच्या शब्दाने झाले. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यातील एका बालिकेला लुळेपणा आला. जंगली विषाणूचा भारतातील तो अखेरचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

याचे श्रेय वाटताना प्रमाण सुटता कामा नये. भारतातील खर्चाचा मोठा भार सरकारनेच उचलला. दारोदार फिरणाऱ्या अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, परिचारिका यांनी उन्हापावसात हे काम केले, आणि त्यांच्या गळ्यात कोणी हार घातल्याचे फारसे ऐकिवात नाही. फाउंडेशनने आरंभीच पैसा उभा केला, सरकारांना गळ घातली, प्रचारसाहित्य आणि स्वयंसेवक दिले. तसेच सर्वांचे लक्ष उडाले तेव्हाही हा विषय सोडला नाही. आजवर रोटरीने पोलिओवर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च केले आहेत. गेट्स फाउंडेशन रोटरीच्या प्रत्येक डॉलरमागे, ठराविक मर्यादेपर्यंत, दोन डॉलर घालीत आले आहे.

काम अजून संपलेले नाही. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान येथे जंगली विषाणू टिकून आहे. २०२१ साली जगातील रुग्णसंख्या दहाच्या आत आली होती. २०२४ साली ती पुन्हा नव्वदच्या वर गेली. शेवटच्या दहा रुग्णांसाठी पैसा मागणे हे पहिल्या लाखांसाठी मागण्यापेक्षा कठीण असते, कारण देणाऱ्याला आता कोणी रुग्ण दिसतच नाही.

या संस्थेवर आक्षेपही घेतले जातात आणि त्यांतील काही खरे आहेत. सभासदत्व निमंत्रणाने मिळते. वर्गणी आणि बैठकांचा खर्च साध्या नोकरदाराला परवडत नाही. स्त्रियांना तर १९८९ पर्यंत प्रवेशच नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल लागल्यावर दार उघडले. एक हजार डॉलर देणाऱ्यास ‘पॉल हॅरिस फेलो’ म्हणून गौरवतात आणि कोटावर बिल्ला लावतात. बिल्ल्यासाठी देणारेही असतात. पण पैसा एकदा निधीत गेला की त्याला वरील सर्व नियम लागू होतात, त्यामुळे बिल्ल्याचे मला फारसे दुःख नाही. ज्या वस्त्यांना पाण्याची, शौचालयाची, शाळेतील साधनांची खरी गरज आहे, त्या वस्त्यांतील माणूस क्लबच्या टेबलाभोवती नसतो आणि त्यामुळे तेथील गरज अर्जात उतरत नाही, हा दोष मला अधिक मोठा वाटतो.

येथे आपल्यासारख्या संस्थांना काम आहे. फाउंडेशनचे अनुदान क्लबमार्फतच मिळते, संस्थेला परस्पर मिळत नाही; परंतु स्थानिक संस्था सहकारी म्हणून लेखी करार करून कामात सामील होऊ शकते. मागण्यापूर्वी काय मिळत नाही ते जाणून घ्यावे. जमीन, इमारत, धार्मिक कार्य, आधीच झालेला खर्च, कायम पगार यांसाठी पैसा मिळत नाही. रोख रक्कम हाती येईल अशीही अपेक्षा धरू नये. परदेशी पैशासंबंधीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, आणि तो घेणाऱ्या संस्थेला पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. तेव्हा आपल्या वाट्याला येईल ती टाकी, जलवाहिनी, तपासणीचे यंत्र किंवा प्रशिक्षण.

अर्जाबरोबर वस्तीच्या गरजांची पाहणी जोडावी लागते आणि ती वस्तीतील लोकांना विचारूनच केलेली असावी लागते. हे काम आपले कॉलेजचे विद्यार्थी चार रविवारांत करू शकतील. घरे किती, नळ किती, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, घागर घेऊन किती अंतर चालावे लागते, मुलींच्या शौचालयाला दार आणि पाणी आहे काय, टाकी बांधली तर दुरुस्तीची वर्गणी घरटी किती देता येईल आणि ती कोण गोळा करील, हे प्रत्येक घरी विचारून तारीखवार वहीत लिहावे. ती वही आणि संस्थेचे मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब घेऊन जवळच्या क्लबच्या अध्यक्षांना भेटावे, शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, कारण त्या वेळी नवे पदाधिकारी वर्षाची कामे ठरवीत असतात.