जत्रा आणि पायवाट

‘जत्रा’ हें ‘यात्रा’ या संस्कृत शब्दाचें घरगुती रूप होय. आणि यात्रेच्या मुळाशीं ‘या’, म्हणजे जाणें, हा धातु आहे. जत्रा म्हटली कीं शहरांतील मुलांच्या डोळ्यांपुढें पाळणे, फुगे आणि भेळेच्या गाड्या उभ्या राहतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र असें सांगतो कीं, जत्रा भरण्याच्या आधीं ती चालते. माणसें ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या वाटेनें, ठरलेल्या देवाकडे पायीं निघतात. दुकानें आणि पाळणे त्यांच्या मागाहून येतात. आज श्रोत्यांपुढें मला एवढेंच मांडावयाचें आहे कीं, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या कारखान्यांच्या मुलखांत ज्या जुन्या वाटा अजून उरल्या आहेत, त्या बऱ्याच अंशीं या चालत्या जत्रांनीं राखल्या आहेत. त्या पुढेंही राहतील कीं नाहीं, हें पुष्कळसें आपल्या पायांवर अवलंबून आहे.

फ्रान्स देशांतही खेडोपाडीं गांवच्या पालक संताचा उत्सव दरसाल होतो. चौकांत वाद्यें वाजतात, लांबच लांब बाकांवर सारें गांव एकत्र जेवतें, आणि रात्रीं नाच होतो. त्याच देशांत १९४७ सालापासून लांब पल्ल्याच्या पायवाटा आखण्यांत आल्या. झाडांवर व दगडांवर पांढरा आणि तांबडा असे दोन पट्टे रंगविलेले असतात. ते पाहत पाहत वाटसरूनें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावें. तेथें वाट राखण्याचें काम रंगाच्या पट्ट्यांकडे आणि उत्साही चालणाऱ्यांच्या मंडळांकडे आहे. आपल्याकडे तेंच काम शतकानुशतकें पालखी, कावड आणि दिंडी करीत आल्या आहेत.

आपला हा प्रदेश मुख्यतः पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या आसपासचा. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून वाहत जाऊन तुळापुरास भीमेला मिळते. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६० नंतर मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले. १९७० सालीं भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पिंपरी हीं गांवें मिळून नगरपालिका झाली, आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. पुढें चाकणची पाळी आली. जेथें १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं संग्रामदुर्ग हा भुईकोट शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध छप्पन्न दिवस लढविला, आणि जेथील कांद्याचा बाजार साऱ्या जिल्ह्याला ठाऊक, त्या चाकणच्या भोंवतालचीं माळरानें मोटारींच्या कारखान्यांनीं भरून गेलीं. आजच्या नकाशावर चौक, पूल आणि वसाहती दिसतात. गांवें दिसत नाहींत. परंतु पंचांग उघडावें, म्हणजे गांवें एकामागून एक दिसूं लागतात. मुलांना तालुक्याचा भूगोल शिकवितांना मी फळ्यावर गांवाच्या नांवापुढें त्याच्या जत्रेची तिथि लिहीत असें. मुलें नांवें विसरत. तिथि विसरत नसत.

या पंचांगाचा ऐन बहर चैत्रांत येतो, आणि त्याला शेतीचें कारण आहे. रब्बीची ज्वारी, गहूं, हरभरा घरांत आलेला असतो. शेत मोकळें, बैल मोकळे, हातांत चार पैसे, आणि पाऊस दोन महिने दूर. उभें पीक नसल्यामुळें कोणाच्याही बांधावरून पालखी गेली तरी नुकसान होत नाहीं. शिवाय पौर्णिमेच्या आगेंमागें चांदणें असतें, म्हणून रात्रीं बेरात्रीं चालत येणाऱ्या पाहुण्यांस वाट दिसते. भैरवनाथ, म्हातोबा, मुक्ताई, हनुमान अशा ग्रामदैवतांच्या जत्रा याच सुमारास एकीमागून एक लागतात. लागोपाठच्या गांवांच्या तिथि बहुधा एकमेकींवर येत नाहींत. कारण सोयरे तेच, पैलवान तेच, आणि मिठाईवालेही तेच.

खेड, मावळ, आंबेगांव या बाजूची जत्रा कशी चालते, तें थोडक्यांत सांगतों. आधीं घरटी वर्गणी जमते. सासुरवाशिणी माहेरीं येतात. मुंबईस नोकरीला गेलेले येतात. पुष्कळ गांवांतून ‘मांडवडहाळे’ निघतात, म्हणजे देवळापुढील मांडवासाठीं हिरव्या डहाळ्या सजविलेल्या बैलगाड्यांतून वाजतगाजत आणतात. पहाटे देवाला अभिषेक, दुपारीं पुरणपोळीचा नैवेद्य, शेरणीचें वाटप, आणि रात्रीं छबिना, म्हणजे देवाची पालखी मशालींच्या उजेडांत गांवाला फेरा घालते. दुसऱ्या दिवशीं कुस्त्यांचा आखाडा. लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुरू होतात आणि दिवस कलतां कलतां मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत पोंचतात. रात्रीं तमाशा, आणि सकाळीं त्याच फडाची ‘हजेरी’. या फडांची सुपारी देण्यासाठीं गांवोगांवचे पंच जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं जातात. तेथें फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि तिथि पाहून व्यवहार ठरतो. एका तिथीला दोन गांवांनीं एकच फड मागितला, तर किंमत कोणत्या बाजूस झुकते हें सांगावयास नको.

याच जत्रांचा एक भाग बैलगाड्यांची शर्यत. गांवाबाहेर चढाचा एक लांब पट्टा राखलेला असतो. त्याला ‘घाट’ म्हणतात. पुढें घोडेस्वार, मागें बैलांच्या दोन जोड्या आणि हलका गाडा; एकेका गाड्याच्या धांवेला ‘बारी’ म्हणतात, आणि निकाल सेकंदांवर लागतो. प्राण्यांच्या छळाच्या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयानें मे २०१४ मध्यें ही शर्यत बंद केली. २०१७ सालीं राज्यानें नवा कायदा केला. डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें तो कायदा ग्राह्य धरला. बैलाला टोंचणी व चाबूक नको, हा आग्रह योग्यच होय. परंतु बंदीच्या त्या वर्षांत आणखी एक गोष्ट घडूं शकत होती, तिकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. घाट म्हणजे गांवानें मोकळी ठेवलेली जमीन. ती वापरांत नसली, कीं तिच्यावर प्रथम राडारोडा येतो, मग पत्र्याची शेड येते.

चैत्री पौर्णिमेला हिंजवडी आणि वाकड या दोन गांवांच्या म्हातोबाचें बगाड निघतें. बगाडाचें लाकूड मुळशीकडील रानांतून आणतात. ज्याला मान असतो त्याच्या पाठींत गळ टोंचतात, आणि बगाड हिंजवडीहून वाकडच्या देवळाकडे जातें. पाठींत गळ टोंचून घेण्याच्या प्रथेविषयीं मतभेद असूं शकतील. पण ज्या रस्त्यावर एरवीं संगणकाच्या कचेऱ्यांतील हजारों माणसें मोटारींत खोळंबून बसतात, तो रस्ता मूळ एका देवाच्या दोन गांवांना जोडणारी वाट आहे, हें त्या एका दिवशीं सर्वांना कळतें.

पावसाच्या तोंडावर, ज्येष्ठ वद्य सप्तमीला, देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनीं १६८५ सालीं हा पालखीचा प्रघात पाडला असें मानतात. देहूंतील इनामदारवाड्यांत पहिली रात्र काढून पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरीं मुक्कामाला येते. भोंवतीं यंत्रांचे कारखाने उभे राहिले, तरी हा मुक्काम हललेला नाहीं. आणि पालखी येते त्या दिवशीं मोठा हमरस्ताही चालणाऱ्यांना मोकळा करून द्यावा लागतो.

चिंचवडची परंपरा याहून निराळी आणि विचार करण्यासारखी आहे. मोरया गोसावी चिंचवडाहून मोरगांवच्या गणपतीला नेमानें पायीं जात. वार्धक्यानें चालवेना, तेव्हां कऱ्हेच्या पाण्यांत त्यांच्या ओंजळींत मूर्ति आली आणि देवच चिंचवडास आला, अशी कथा आहे. तेव्हांपासून भाद्रपद व माघ अशी वर्षांतून दोनदां देवाची पालखी चिंचवडाहून मोरगांवीं जाते. म्हणजे माणूस थकला, तरी वाट थकूं दिली नाहीं. गोसावींच्या समाधीचा उत्सव मार्गशीर्षांत पवनेच्या कांठीं होतो.

थंडी ओसरतां ओसरतां डोंगरांचे दिवस येतात. माघ शुद्ध दशमीला, तुकोबांच्या अनुग्रहाच्या तिथीला, इंदुरीजवळच्या भंडारा डोंगरावर मोठा सोहळा होतो. महाशिवरात्रीला शेलारवाडीच्या घोराडेश्वरावर आणि चाकणच्या चक्रेश्वरीं गर्दी लोटते. घोराडेश्वराचीं लेणीं मूळ बौद्ध भिक्षूंचीं. पुढें त्यांतील एका दालनांत शिवलिंग आलें, आणि तुकोबा येथें एकांतासाठीं येत अशीही श्रद्धा आहे. भिक्षु, शैव आणि वारकरी या तिघांनीं एकच चढण पसंत केली! फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूची बीज होते, आणि मग पुन्हां चैत्र येतो.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. आपल्या जमिनीच्या कायद्यांत ‘वहिवाट’ हा फार मोलाचा शब्द आहे, आणि त्या शब्दांतच वाट आहे. गांवनकाशांत गाडीवाट दोन तुटक रेषांनीं आणि पायवाट एका तुटक रेषेनें दाखवितात; पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरली आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणीं अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याप्रमाणें सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दाद मागतां येते. तहसीलदार विचारतो, वाट वापरांत होती काय? त्यासाठीं साक्षीदार लागतात. जत्रेनें हे साक्षीदार दरसाल तयार केले. पालखी ओढ्यांतून कोठें उतरली, कोणत्या बांधावरून गेली, कोणत्या वडाखालीं टेकली, हें गांवांतल्या म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सर्वांनीं पायांनीं पाठ केलेलें असे.

शेत बिनशेती झालें, कीं हा हिशेब बिघडतो. शेतच नाहीं, तर शेताची वाट मागणार कोण? कुंपण पडतें, ओढा नळांत जातो, आणि तुटक रेषा जुन्या नकाशांत राहते. चाकणजवळ शिंदे-वासुलीच्या बाजूस भामचंद्र डोंगर आहे. तुकोबांच्या चिंतनाची ही जागा आज औद्योगिक वसाहतीच्या शेजारीं आली आहे. तेथें पायीं जाणारे भाविक आहेत, तोंवर वाटेला मागणी आहे. ते थांबले, तर कोणालाही दोष न देतां वाट नाहींशी होईल. नदीचेंही तसेंच. आळंदीस इंद्रायणीवर सांडपाण्याचा पांढरा फेस अलीकडे वारंवार दिसला, तो प्रथम कांठानें चालणाऱ्यांच्या डोळ्यांत भरला. पुलावरून मोटारीनें जाणाऱ्यास नदी क्षणभरच दिसते.

म्हणून शहरांतील कुटुंबांना माझें सांगणें असें. वर्षांतून चार तिथि निवडा आणि मुलांना घेऊन पायीं जा. पहिल्या खेपेस घोराडेश्वर बरा. पुणें-लोणावळा मार्गावर बेगडेवाडीस उतरावें. डोंगर समोरच दिसतो आणि चढावयास पायऱ्या आहेत. भंडाऱ्यावर मोटाररस्ता गेला आहे. तरी चढतांना पायथ्याकडची पायवाट धरावी. उन्हाळ्यांत सकाळीं सूर्य वर येण्यापूर्वीं निघावें, पाणी बरोबर घ्यावें, आणि कचरा परत आणावा. वाट कोणाच्या बांधावरून जात असेल, तर मालकाला रामराम घालून पुढें जावें. वाटेंत एखादा म्हातारा भेटला, तर पूर्वीं पालखी कोणीकडून जात असे तेवढें विचारावें. तो बहुधा उत्तर देत नाहीं. काठी उचलून पुढें चालूं लागतो. त्याच्या मागोमाग जावें आणि घरीं आल्यावर मुलांकडून ती वाट कागदावर काढून घ्यावी. ओढा कोठें लागला, वड कोठें होता, कुंपण कोठें आडवें आलें, हें त्यावर मांडावें, आणि खालीं तिथि व साल घालावें. पुढल्या वर्षीं त्याच तिथीला तोच कागद घेऊन पुन्हां निघावें.