जुन्या गाडीला सिंथेटिक ऑइल घालावं का?

भाजी, दूध, मसाले बाजाराला न्यायला आपल्यातल्या काही गटांनी जुनी गाडी घेतली आहे. गाडी गटाची, हप्ताही गटाचा. इंजिन जाम झालं तर खर्च मोठा आणि हप्ता काही थांबत नाही. म्हणून आज इंजिन ऑइलविषयी बोलू या.

इंजिनात धातूवर धातू घासतो. ऑइल मधे थर धरतं, उष्णता वाहून नेतं, काजळी धरून ठेवतं. साधं, म्हणजे मिनरल ऑइल जमिनीतल्या कच्च्या तेलातून शुद्ध करून काढतात. सिंथेटिक ऑइल कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने घडवतात. ते उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि थंडीच्या पहाटे इंजिनभर पटकन पोहोचतं. मात्र ते बरंच महाग असतं.

मग ते कुणी घ्यावं? भरलेली गाडी रोज घाट चढत असेल, उन्हाळ्यात तासन्‌तास खालच्या गिअरमध्ये चालत असेल, तर सिंथेटिकचा उपयोग होतो. आठवड्यातून एकदा जवळच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीला वेळेवर बदललेलं साधं ऑइल पुरतं.

“जुन्या गाडीला सिंथेटिक घातलं की ती गळते,” असं आपण ऐकतो. चांगलं सील त्याने खराब होत नाही. पण जुनं सील कडक झालेलं असतं, फटीत गाळ बसलेला असतो. नव्या ऑइलने तो धुऊन निघाला की लपलेली गळती दिसते. म्हणून आधी रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसले तर मिस्त्रीकडून गळती काढून घ्या. निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. तिथे महाग ऑइलही जळूनच जाणार. आधी दुरुस्ती करा.

डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ असा ग्रेड असतो. पहिला आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं ते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच ग्रेड घ्या. डिझेल गाडीला डिझेलचंच ऑइल हवं.

दर आठवड्याला गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी काढून पुसा, परत पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. कमी ऑइलवर गाडी चालवली तर सिंथेटिकही इंजिन वाचवणार नाही. चालताना ऑइलचा लाल दिवा लागला तर लगेच बाजूला थांबा, इंजिन बंद करा.

डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. बदलायचं ते पुस्तकातल्या किलोमीटर आणि महिन्यांप्रमाणे. ओझ्याच्या गाडीचं त्याआधीच. सिंथेटिक घातलं म्हणून मुदत आपल्या मनाने वाढवू नका. काढलेलं ऑइल ओढ्यात किंवा शेतात ओतू नका. जुनं ऑइल गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या गॅरेजला द्या.

पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीत गाडीसाठी एक पान काढा. तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि मधे किती ऑइल भरावं लागलं, एवढं लिहा. दोन-तीन महिन्यांत ते पानच सांगेल, पैसे महाग ऑइलवर घालायचे की आधी दुरुस्तीवर.