चॉकलेटची वडी आणि वेष्टनावरील बारीक अक्षरे

इंग्रजी नावाचा धाक बाजूला ठेवला, तर ‘नो-बेक चॉकलेट कुकी बार’ म्हणजे बिस्किटांच्या चुऱ्याची थापलेली वडी. चुरा, तूप आणि गोडवा एकत्र करावयाचा, ताटात थापावयाचा, गार होऊ द्यावयाचा आणि सुरीने चौकोन पाडावयाचे. गुजरातेत महुडी येथे घंटाकर्ण महावीरांच्या देवस्थानी जी सुखडी प्रसाद म्हणून मिळते, आणि जी आवाराबाहेर न्यावयाची नाही असा दंडक आहे, ती ह्याच कुळातील. तुपात भाजलेली कणीक, गूळ, आणि थापलेले ताट. तिला भट्टी लागत नाही. आपल्या तिळाच्या वडीलाही लागत नाही. तेव्हा कृती म्हणून ह्या पदार्थात आपल्या भगिनींना शिकण्यासारखे फार थोडे आहे. नवे आहे ते त्यात पडणारे साहित्य. ते बंद वेष्टनातून येते आणि प्रश्न तेथून सुरू होतो.

हिंगोलीसारख्या ठिकाणी, जेथे सैतवाळ, खंडेलवाल, ओसवाल अशी सर्व घरे एकाच पेठेत नांदतात, तेथे एक गोष्ट गेल्या काही वर्षांत मी पाहत आलो आहे. घरात आता फराळाचे दोन डबे झाले आहेत. एक मुलांचा, त्यात दुकानातून आणलेली चॉकलेटे, वेफर आणि क्रीमची बिस्किटे. दुसरा आजीचा, त्यात खाखरे, शेव आणि लाडू. नातू आजीच्या डब्याकडे पाहत नाही आणि आजी नातवाच्या डब्याला हात लावीत नाही. भांडण नसते, तक्रारही नसते. पण एका ताटातले खाणे संपते, हे काही लहान नुकसान नाही. आमच्या घरी सूनबाईंनी ही वडी करावयास घेतली ती केवळ मुलांच्या हट्टापायी. ती थोरल्या वहिनींच्या ताटापर्यंत कशी पोहोचेल हा विचार नंतर आला, आणि वेष्टने वाचण्याचे काम माझ्याकडे आले. कर्जाच्या कागदपत्रांतील बारीक अक्षरे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडे ते यावे, हे योग्यच झाले.

पहिला गैरसमज असा, की भट्टी नाही म्हणजे अंडेही नाही. परदेशी कृतींत तसे मुळीच नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नानायमो ह्या गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेली तीन थरांची वडी भट्टीविना होते, परंतु तिच्या तळाच्या थरात अंडे असते. इटलीत बिस्किटे व चॉकलेट घालून जी गुंडाळी करतात, तिच्या जुन्या कृतीत तर कच्चेच अंडे. २०११ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्र विल्यम ह्यांच्या विवाहात वराच्या आवडीचा म्हणून जो चॉकलेट-बिस्किटांचा केक मांडला गेला, तोही न भाजता जमविलेलाच होता, आणि तेव्हापासून ह्या प्रकाराला अधिकच प्रतिष्ठा मिळाली. काही कृतींत मार्शमेलो नावाचे मऊ पांढरे गोळे घालतात. त्यात सामान्यतः जिलेटिन असते आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. म्हणून मोबाइलवर दिसलेली कृती जशीच्या तशी उतरवून घेऊ नये.

आता हिरव्या ठिपक्याविषयी. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पाहिला की आपण निश्चिंत होतो. पण २०२० च्या लेबल-नियमांतील मांसाहारी पदार्थाची व्याख्या सावकाश वाचावी. पशू, पक्षी, कीटक, जलचर, अंडी आणि कोणताही प्राणिजन्य पदार्थ तिच्यात येतो. मात्र दूध व दुधाचे पदार्थ, मध, मधमाशांचे मेण, कार्नोबा नावाचे वनस्पतिजन्य मेण आणि शेलॅक म्हणजे लाख, एवढे तिच्यातून वगळलेले आहेत. ह्याचा अर्थ असा, की मध घातलेले बिस्किट आणि लाखेची चकाकी दिलेली चॉकलेटची गोळी, दोन्हींवर हिरवा ठिपका नियमानुसारच असतो. कारखानदाराने काही लपविलेले नसते. सरकारचा शाकाहार आणि आपला आहार ह्यांच्या सीमा ठिकठिकाणी वेगळ्या आहेत, एवढेच. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर हिरवा ठिपका हा आवश्यक कागद आहे. पण तेवढ्यावर कर्ज मंजूर होत नाही.

म्हणून घटकांच्या यादीतील आकडे पाहावेत. ९०१ म्हणजे मधमाशांचे मेण, ९०४ म्हणजे लाख. चकचकीत रंगीत गोळ्या आणि केकवर भुरभुरावयाचे दाणे घेताना हे दोन अवश्य तपासावेत. १२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात, आणि ४४१ म्हणजे जिलेटिन. भारतीय नियमानुसार ही दोन असलेल्या मालावर तपकिरी त्रिकोण असावयास हवा, पण परदेशाहून पाहुण्यांनी आणलेल्या खाऊवर आपल्याकडील खूण असतेच असे नाही. उलट ३२२ पाहून घाबरू नये, ते लेसिथिन असून चॉकलेटात बहुधा सोयाबीनचे असते, आणि सोयाबीन तर आपल्याच जिल्ह्यातील शेतांतले पीक. ४७१ विषयी व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी एक घाबरवणारा संदेश फिरतो. तो घटक प्राणिज चरबीपासूनही होतो व वनस्पती तेलापासूनही. हिरवा ठिपका असेल तर तो वनस्पतिजन्यच असला पाहिजे. असे संदेश पुढे पाठविण्यापूर्वी हातातील पुडा उलटून पाहिला तर बरे.

इतका काटेकोरपणा कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. त्यांना मी मोंढ्याकडे बोट दाखवितो. आपला जिल्हा हळदीचा. भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद आपल्यापैकी अनेकांच्या आडतीवरून देशभर जाते. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य आणि उकडून-वाळवून झालेली सुकी हळद ग्राह्य, हा भेद आपल्या दुकानातील दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतो. एकाच वस्तूच्या दोन अवस्थांत जो समाज फरक करतो, त्याला चॉकलेटच्या यादीतील दहा शब्द जड जाऊ नयेत.

ह्याच न्यायाने लोण्याचा प्रश्न सोडवावा लागतो. परदेशी कृतींत बटर असतेच. श्वेतांबर परंपरेत मध, मद्य, मांस आणि लोणी ह्या चार महाविगई सांगितल्या आहेत आणि दिगंबर परंपरेतही लोणी अभक्ष्यांत गणले जाते. ताक वेगळे झाल्यावर थोड्याच वेळात त्यात सूक्ष्म जीवोत्पत्ती होते, हे त्यामागील कारण. पिवळे बटर आज अनेक जैन घरांत पावावर लागते हे मला दिसते. त्यावर येथे वाद घालीत नाही. परंतु ह्या वडीत तुपाने काम अधिक चांगले होते, हे मात्र ठामपणे सांगतो. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असते. तूप जवळजवळ निखळ स्निग्धांश. म्हणून १२५ ग्रॅम बटरच्या जागी १०० ग्रॅम तूप पुरते आणि पाण्याचा अंश नसल्याने बिस्किटाचा चुरा मऊ न पडता खुसखुशीत राहतो.

कृती सांगतो. २५० ग्रॅम मारी बिस्किटे हाताने चुरावीत. निम्मी बारीक, निम्मी शेंगदाण्याएवढ्या तुकड्यांची. मिक्सरमधून काढू नयेत, नाहीतर वडीला दाताखाली काही लागत नाही. १०० ग्रॅम घरचे तूप मंद आचेवर वितळवून त्यात ३० ग्रॅम गोडी नसलेली कोको पावडर चाळून घालावी, मग २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, म्हणजे साधारण अर्धा डबा. तीन-चार मिनिटे सतत हलवून मिश्रण एकजीव व चकचकीत झाले की उतरवावे. व्हॅनिला अर्कात बहुधा अल्कोहोल असते, म्हणून आम्ही वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर जायफळ घालतो, आणि चॉकलेटला जायफळ शोभतेही. ह्यात बिस्किटांचा चुरा आणि ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे किंवा अक्रोडाचे तुकडे मिसळावेत. चातुर्मासात सुका मेवा न खाणाऱ्या घरांनी शेंगदाणेच घ्यावेत. आठ इंची चौकोनी डब्याला किंवा खोल ताटाला तुपाचा हात लावून मिश्रण वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवावे. दाबण्यात कुचराई झाली तर वडी कापताना भुगा होतो.

वरच्या थरासाठी १५० ग्रॅम गडद चॉकलेट दोन चमचे तुपासह वितळवावे. येथे एकच पथ्य, पण ते कडक. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर भांडे ठेवावे. भांड्याचे बूड पाण्याला लागू नये आणि चॉकलेटात पाण्याचा थेंब किंवा ओला चमचा जाऊ नये. थेंबभर पाण्याने वितळलेले चॉकलेट एकदम आखडते आणि वाळूसारखे कणीदार होते, कारण त्यातील साखर व कोको पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. वितळलेला थर वडीवर पसरून दोन तास फ्रीजमध्ये ठेवावा. सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून पंचवीस चौकोन कापावेत. ज्यांनी मिठाईच्या दुकानात असे चौकोन दामदुपटीने घेतले आहेत, त्यांनी ह्या साहित्याचा हिशोब एकदा कागदावर मांडावाच.

चॉकलेट घेताना यादीतला पहिला स्निग्ध पदार्थ कोणता तेही पाहावे. खऱ्या चॉकलेटात कोकोचे लोणी असते. नाव लोणी असले तरी ती कोकोच्या बियांतील वनस्पतिजन्य चरबी आहे, आपल्या लोण्याशी तिचा संबंध नाही. ती ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे तोंडात विरघळते. कंपाउंड नावाने जी स्वस्त लादी मिळते, तिच्यात इतर वनस्पती तेले असतात. ती उन्हात अधिक टिकते पण जिभेवर मेणासारखी राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, वीज केव्हा जाईल ह्याची शाश्वती नाही. त्यामुळे उन्हाळ्यात प्रवासासाठी वडी करावयाची झाल्यास वरचा चॉकलेटचा थर सरळ वगळावा, आतील कोको पुरेसा आहे. खरे चॉकलेट दिवाळीपासून होळीपर्यंत.

वेळेचाही विचार हवा. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा-शिकवणीहून मूल पाच वाजता घरी येते, हातपाय धुऊन बसेपर्यंत सव्वापाच. रात्रिभोजन-त्याग पाळणाऱ्या घरात त्या अर्ध्या तासात भुकेल्या मुलापुढे गरम काही मांडणे आईला दरवेळी साधत नाही, आणि तेथेच ‘आजच्या दिवस राहू दे’ सुरू होते. सकाळी थापलेली वडी त्या वेळी तयार असते. आमचा मोठा नातू, जो चौविहाराच्या नावाने कुरकुरत असे, तो हल्ली स्वतःच घड्याळ पाहतो. श्रद्धेने की वडीच्या ओढीने, हे मी विचारलेले नाही.

राहिला थोरल्या वहिनींचा प्रश्न. त्या व्रती असून पिठाची मर्यादा पाळतात: हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. बाजारचे बिस्किट ह्या मर्यादेत बसूच शकत नाही, ते कोणत्या पिठाचे आणि ते केव्हा दळलेले हे कोणाला ठाऊक! डब्याचे कंडेन्स्ड मिल्कही बाद. म्हणून सूनबाईंनी वेगळा घाट घातला. घरी दळलेल्या ताज्या कणकेचे, मोहन जास्त घातलेले खाखरे तव्यावर कडक भाजले, कपड्याने दाबून, मंद आचेवर, दाबताच मोडतील असे. बिस्किटांच्या जागी त्यांचा २५० ग्रॅम चुरा. अर्धा लिटर दुधात १०० ग्रॅम साखर घालून ते आटवीत आटवीत मोठ्या वाटीभर घट्ट केले. खाखरा बिस्किटापेक्षा कोरडा, म्हणून तूप दोन चमचे अधिक लागले. गव्हाचा खरपूस वास आणि कोकोचा कडवटपणा ह्यांचे असे जमले, की मुलांनी मारीची वडी बाजूला सारून हीच मागितली.

तरीही एक अडचण उरतेच. कोकोच्या बिया फळातून काढल्यावर काही दिवस आंबविल्या जातात, त्याशिवाय त्यांना चॉकलेटचा स्वाद येत नाही. म्हणून काही कडक नियमाचे साधक कोको घेतच नाहीत, आणि वहिनींनीही हे कळल्यावर ताट हळूच पुढे सरकविले. त्यांच्यासाठी त्याच मिश्रणातून कोको वगळून, मंद भाजलेल्या बेसनाचे तीन चमचे घालून सहा वड्या वेगळ्या थापतो. त्यांचा रंग फिका असतो, म्हणून डब्यात ओळखू येतात. डबा मात्र एकच आहे, आणि फिक्या वड्या आजीच्या आहेत हे सांगूनही त्यांतली एक-दोन संध्याकाळपर्यंत कमी होतातच; तेव्हा सहाऐवजी आठ थापाव्यात.