रेणूंत फिरणारी वीज

पावसाळ्यात मिठबावच्या दमट हवेत कपड्यांच्या पेटीत आपण डांबरगोळ्या टाकून ठेवतो. नॅफ्थलीनची ही गोळी वीजवाहक नव्हे. तरीही चुंबकाच्या सान्निध्यात तिच्या प्रत्येक रेणूत वीज फिरू लागते, असे कोणी म्हटले तर आपण पुरावा मागू. आणि तो मागणे योग्यच आहे. कारण एका रेणूला वीजमापक जोडता येत नाही. या पुराव्याचीच हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम नॅफ्थलीनचा धाकटा भाऊबंद बेंझीन घेऊ. मायकेल फॅरडे याने १८२५ साली बेंझीन शोधले आणि १८३१ साली चुंबकाच्या साहाय्याने वीज उत्पन्न करून दाखविली. या दोन शोधांची गाठ पडावयास शंभरावर वर्षे लागली. बेंझीनमध्ये सहा कार्बन अणूंचे कडे असते. त्यातील काही इलेक्ट्रॉन साऱ्या कड्यावर पसरलेले असतात. कड्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले की हे इलेक्ट्रॉन फेर धरतात, असे गणित फ्रिट्स लंडन यांनी १९३७ साली मांडले. या फेरातून नवे क्षेत्र निर्माण होते. कड्याच्या आत ते मूळ क्षेत्राला विरोध करते. कडेच्या बाहेर त्याला साहाय्य करते.

येथेच साक्षीदार भेटतो. तो म्हणजे कड्याबाहेरचा हायड्रोजन. त्याचे अणुकेंद्र हे एक चिमुकले चुंबकच असून, त्याच्या जागी क्षेत्र किती आहे हे त्याच्या रेडिओ-संकेतावरून कळते. यालाच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. मद्यार्काच्या एकाच रेणूतील हायड्रोजन तीन निरनिराळे संकेत देतात, हे १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकर्ड यांनी प्रसिद्ध केले. यांपैकी धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही शाखा रुजविली.

प्रमाण-संकेतापासूनचे अंतर दशलक्षांशांत मोजतात. साध्या दुहेरी बंधावरील हायड्रोजनचे अंतर पाच-सहा, तर बेंझीनचे सुमारे ७.३ भरते. ही वाढ फिरत्या प्रवाहामुळे होते, असे पोपल यांनी १९५६ साली सांगितले.

परंतु एका साक्षीवर निकाल कसा द्यावा? अठरा कार्बनांच्या मोठ्या कड्यात बारा हायड्रोजन बाहेर व सहा आत असतात. थंड द्रावणात बाहेरच्यांचे अंतर सुमारे ९, तर आतल्यांचे उणे ३ आढळते. प्रवाह असल्यास आत-बाहेर उलट परिणाम दिसावयास हवा, आणि तो तसाच दिसतो.

आज संगणकाने या प्रवाहाचा नकाशा काढतात व प्रत्येक बंधावरून किती प्रवाह जातो हे मोजतात. एक टेस्ला क्षेत्रात बेंझीनच्या कड्यातून अँपिअरचे सुमारे १२ अब्जांश वाहतात, असे गणित सांगते. आपल्या डांबरगोळीच्या रेणूत अशी दोन कडी शेजारी-शेजारी असतात. त्यांच्या सामाईक बंधावर दोन्ही प्रवाह समोरासमोर येऊन एकमेकांस खोडतात. मुख्य फेर बाहेरच्या कडेने चालतो. मात्र हा नकाशा छायाचित्र नव्हे, ते गणित आहे. हायड्रोजनची साक्ष त्याच्याशी जुळते, म्हणूनच आपण त्यावर विश्वास ठेवावयाचा.