चेंडू हाच त्याचा पगार!

मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटमालिकेनंतर धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधील आरडीएक्स पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रेडॉरने हुडकून काढले. पुण्यातील सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेल्या या श्वानाच्या नावावर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा पोलीस दलाने त्याला इतमामाने निरोप दिला.

स्फोटके म्हणजे काय, याची कुत्र्याला कल्पनाही नसते. मग हे जोखमीचे काम तो इतक्या उत्साहाने का करतो? त्याच्या दृष्टीने तो खेळ असतो, हे याचे उत्तर. वास काढणे, पाठलाग करणे, तोंडात धरून झटकणे या कुत्र्याच्या उपजत प्रेरणा आहेत आणि चेंडू किंवा दोरीचे खेळणे त्यांना वाट करून देते. शोधी श्वानाला प्रशिक्षक प्रथम या खेळण्याची गोडी लावतात. त्यानंतर विशिष्ट वासाची वस्तू डब्यात दडवली जाते. कुत्र्याने ती हुंगताच चेंडू मिळतो आणि पाठोपाठ ‘शाबास!’ अशी थाप. ‘हा वास सापडला की खेळ सुरू’ हे समीकरण सरावाने पक्के होते. पुढे डबे वाढतात, जागा बदलतात. उकरल्यास स्फोटाचा धोका असल्याने पंजा न लावता शांत बसून खूण करण्यासही त्याला शिकवले जाते. बसला, तरच चेंडू.

येथे छडी घातक ठरते. माराच्या धाकाने शिकलेला कुत्रा वासापेक्षा हस्तकाच्या चेहऱ्याकडे अधिक पाहतो. कधी भीतीपोटी खूण करण्याचे टाळतो, तर कधी सुटका व्हावी म्हणून वास नसतानाही बसतो. बॉम्बशोधक पथकाला या दोन्ही चुका परवडणाऱ्या नाहीत.

हेच तंत्र घरातही उपयोगी पडते. त्यात वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. योग्य कृतीनंतर एक-दोन सेकंदांत कौतुक व्हायला हवे. कुत्रा बसल्यावर मालक चेंडू आणायला आत गेला आणि तोवर कुत्र्याने उड्या मारायला सुरुवात केली, तर बक्षीस उड्यांनाच मिळते! आज्ञेचा शब्दही घरात एकच असावा. आजोबांनी ‘बस’ आणि नातवाने ‘सिट’ म्हटले, तर कुत्र्याचा गोंधळ होतो.

खेळणे हिसकावून घेण्यासाठी कुत्र्यामागे धावू नये. त्यातून तो पळून जायलाच शिकतो. दोरीची ओढाताण सुरू असताना हात स्थिर ठेवून ‘सोड’ म्हणावे आणि त्याने सोडताच कौतुक करून खेळ पुन्हा सुरू करावा. वस्तू दिल्याने खेळ संपत नाही, हे त्याला उमगते. चप्पल किंवा औषधाची पट्टी तोंडात धरलेली असताना हा धडा फार मोलाचा ठरतो.

सरावाचे खेळणे एरवी कपाटात ठेवावे, म्हणजे त्याचे अप्रूप टिकते. चेंडू गिळता येणार नाही एवढा मोठा असावा. उन्हाच्या वेळा टाळून पाच-दहा मिनिटांचा सराव पुरेसा असतो. कुत्र्याचा उत्साह कायम असतानाच तो थांबवावा. दुसऱ्या दिवशी तो चेंडू पाहताच स्वतःहून पुढे येतो.