दातांच्या दवाखान्यातले कपाट

दात दुखू लागला म्हणजे माणसाला काही सुचत नाही. जेवण नको, झोप नको, असे होऊन जाते. मग आपण दातांच्या डॉक्टरांकडे जातो. खुर्चीवर आडवे होतो आणि आ करतो. आपले सगळे लक्ष दाताकडे! खोलीतल्या कपाटांकडे कोण बघतो?

आज आपण त्या कपाटांचीच माहिती घेऊ. ही माहिती सुताराच्या कामाची आहे. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईच्या कामाची आहे. आणि खुर्चीवर बसणाऱ्याच्याही कामाची आहे.

दातांचा दवाखाना पुष्कळदा लहानशा गाळ्यात असतो. समजा, खोली १० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. मधोमध खुर्ची. ती आडवी केली की सहा फूट जागा खाते. तिच्या उशाशी डॉक्टर बसतात. पलीकडे मदतनीस बसते. शिवाय हात धुवायला बेसिन हवे, हत्यारे धुवायला जागा हवी. आणि वस्तू किती! आरसे, चिमटे, सुया, कापूस, हातमोजे, दात भरायचे सिमेंट, दातांचे ठसे घ्यायचे साचे. हे सारे ठेवायचे कुठे?

कोणी म्हणेल, ‘चार फळ्या ठोका म्हणजे झालं.’ पण एवढ्याने भागत नाही.

घरात चमचा चुकीच्या डब्यात पडला तर फारसे बिघडत नाही. इथे तसे नाही. दाताचे काम म्हटले की हत्याराला थुंकी लागते, रक्तही लागते. रक्तातून काही रोग पसरतात. हिपॅटायटिस बी नावाची कावीळ त्यांतलीच. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. डाग डोळ्यांना दिसत नाही, पण विषाणू तिथे असतो. म्हणून वापरलेली वस्तू आणि स्वच्छ वस्तू यांची गाठ पडता कामा नये. जागा वाचवणे हे कपाटाचे काम खरेच. पण त्याआधीचे काम हे आहे.

हत्यारांची वाट एकाच दिशेने

वापरलेली हत्यारे आधी धुतात. मग कोरडी करतात. मग पाकिटात बंद करतात. मग ती ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात जातात. हे यंत्र आपल्या प्रेशर कुकरच्या जातीचे आहे. पॅरिसच्या शांबरलांड नावाच्या शास्त्रज्ञाने ते १८७९ साली तयार केले. साधे पाणी १०० अंशांवर उकळते. तेवढ्या उष्णतेने काही चिवट जंतू मरत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये वाफ कोंडली जाते आणि उष्णता १२१ अंशांवर जाते. अशा वाफेत हत्यारे पंधरा-वीस मिनिटे ठेवली की ती निर्जंतुक होतात. निर्जंतुक म्हणजे ज्यावर एकही जिवंत जंतू उरला नाही असे.

आता ओटा कसा आखायचा ते बघा. एका टोकाला मळक्या हत्यारांची जागा. तिच्या शेजारी धुण्याचे बेसिन. पुढे पाकिटे भरायची जागा. त्यापुढे ऑटोक्लेव्ह. आणि अगदी दुसऱ्या टोकाला स्वच्छ पाकिटांचे कपाट. हत्यार या टोकाकडून त्या टोकाकडे जाते, मागे फिरत नाही. गिरणीत धान्य एकीकडून जाते आणि पीठ दुसरीकडून येते, तसेच हे.

बेसिनच्या खाली ओल असते. तिथे स्वच्छ पाकिटे कधीही ठेवू नयेत. तिथे फडकी आणि बादली ठेवावी. ऑटोक्लेव्हच्या डोक्यावरही कपाट करू नये. वाफ लागून लाकूड फुगते. शिवाय काही यंत्रांचे झाकण वरच्या बाजूला उघडते, त्याला जागा लागते.

माप घेताना

आधी खुर्ची पूर्ण आडवी करायला सांगा. डॉक्टरांना आणि मदतनीस बाईंना आपापल्या जागी बसवा. खोलीचे दार उघडून बघा. मग जमिनीवर खडूने आखा. जी जागा उरली ती कपाटांची.

स्वयंपाकाचा ओटा दोन फूट खोल असतो. इथे बहुतेक ठिकाणी दीड फूट पुरतो. हिशेब करा. दहा फूट लांबीच्या भिंतीवर अर्धा फूट वाचला, तर पाच चौरस फूट जागा मोकळी झाली. लहान खोलीत तेवढ्यात एक माणूस सुखाने उभा राहतो. मात्र ऑटोक्लेव्हच्या जागी यंत्राचे माप घेऊनच खोली ठरवा.

ओट्याच्या वर दीड फूट सोडून भिंतीवरचे कपाट करा. ते एक फूट खोल असले की झाले. त्याला बिजागरीचे दार लावले तर उघड्या दारावर डोके आपटते. सरकते दार बरे. त्याच्या खाचेत धूळ बसते, ती मात्र रोज पुसायला हवी.

‘दारंच कशाला? उघड्या फळ्या स्वस्त पडतील,’ असे सुतार म्हणेल. त्याचेही कारण आहे. पूर्वी दात कोरायचे यंत्र हळू फिरे. १९५७ साली अमेरिकेत जॉन बोर्डन यांचे हवेच्या जोरावर फिरणारे यंत्र निघाले. ते एका मिनिटात लाखो फेरे घेते. त्याच्या वेगाने दात तापतो, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा सोडतात. त्या फवाऱ्याबरोबर थुंकीचे बारीक थेंब खोलीत उडतात आणि उघड्या फळ्यांवर बसतात. म्हणून दार हवेच.

खण उथळ हवेत

आता ओढायच्या खणांविषयी. अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात हॅमिल्टन नावाचा कारखाना होता. १८८० साली तो छापखान्याचे लाकडी खिळे करू लागला. पुढे खिळे ठेवायची कपाटेही तिथे होऊ लागली. मग त्याच कारखान्यात दातांच्या डॉक्टरांची कपाटे होऊ लागली. छापखान्यात हजारो बारीक खिळे उथळ खणांत वेगवेगळे ठेवतात. दातांची बारीक हत्यारे ठेवायलाही तीच युक्ती कामाला येते.

खण तीन इंच उंचीचा पुरे. खोल खणात वस्तूंचा ढीग होतो. मग खालची वस्तू शोधताना टोकदार हत्यार बोटात शिरते. खणात स्टीलचे सुटे ताट बसवावे, म्हणजे ते काढून धुता येते.

सगळ्या वस्तूंचे तीन भाग करा. प्रत्येक रोग्याला लागणाऱ्या वस्तू हाताजवळच्या खणात ठेवा. अधूनमधून लागणाऱ्या भिंतीवरच्या कपाटात ठेवा. महिन्याकाठी लागणाऱ्या अगदी वर, छताजवळ ठेवा. एका रोग्याला लागणारी हत्यारे एकाच पाकिटात बांधली तर आणखी जागा वाचते. शिवाय काम चालू असताना हातमोज्याच्या हाताने खण उघडावे लागत नाहीत.

लाकूड आणि जोड

जुन्या कपाटांवर नक्षी असे. दिसायला ती छान, पण नक्षीत मळ बसतो. इथे सपाट, गुळगुळीत आणि फिक्या रंगाचे कपाट करावे. फिक्या रंगावर डाग लगेच दिसतो. पाण्याला टिकणारे प्लायवुड घ्यावे. त्यावर ‘आय. एस. ७१०’ असा छाप असतो. वर सनमायका लावावा. फळीच्या चारही कडा पट्टीने बंद कराव्यात. एक कड जरी उघडी राहिली तरी तिथून पाणी शिरते. ओटा आणि भिंत यांमधली फट भरून घ्यावी.

खालचे कपाट जमिनीपासून चार इंच वर असावे, म्हणजे पाय पुढे सरकतात. भिंत विटांची आणि मजबूत असेल तर ते अधांतरी टांगावे. मग खालून फडके फिरते. पातळ आडोशाच्या भिंतीला मात्र जड कपाट कधीही टांगू नये.

कचऱ्याची जागा विसरू नका

पुष्कळ ठिकाणी कपाटे होतात आणि कचऱ्याचे डबे मागाहून कुठेतरी कोपऱ्यात येतात. हे चूक आहे. आपल्या देशात २०१६ सालच्या नियमांप्रमाणे दवाखान्याचा कचरा रंगाप्रमाणे वेगळा करावा लागतो. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. वापरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत. काच निळ्या डब्यात. सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. या डब्यांची मापे आधी घ्या आणि ओट्याखाली मळक्या बाजूला त्यांची जागा ठेवा. सुयांचा डबा डॉक्टरांच्या हाताजवळ हवा. उघडी सुई घेऊन कोणी खोलीभर फिरू नये. नाहीतर ती कापसात जाते. संध्याकाळी पिशवी उचलणाऱ्या बाईच्या हाताला टोचते. डॉक्टरांचा दिवस संपतो आणि तिच्या घरी काळजी सुरू होते.

आता तुम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तर जरा आजूबाजूला बघा. कपाटाची दारे बंद आहेत का? हत्यारांचे पाकीट तुमच्यासमोर फोडले का? नसेल तर नम्रपणे विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही. आणि तुम्ही सुतार असाल, तुमच्याकडे असे काम आले, तर फळीला रंधा मारण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा, ‘साहेब, मळकी हत्यारं कुठून येणार आणि स्वच्छ कुठं जाणार?’ त्यांचे उत्तर नीट ऐका आणि मगच करवत हातात घ्या.